नंबर सातची चव

कोल्हापुरात बटाट्याला कीड लागावी म्हणून जिवाचं रान करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकी सगळे कीड जावी म्हणून धडपडतात. सरकारी संशोधन केंद्रातले आमचे सर मात्र सकाळी सातला शेताच्या फाटकाशी उभे राहून पहिला प्रश्न विचारायचे, "काय, पावणं आलं का?" पावणं म्हणजे पतंग, तुडतुडे, मावा. आले नसले की सरांचा चेहरा उतरायचा, मांडव घालून बसावं आणि वऱ्हाडच पोचू नये तसा.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली कंत्राटी सहायक म्हणून लागले तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मंगळवार पेठेतली. घरापुढं रस्ता, बाजूला गॅरेज, शेत म्हणजे कॉलेजच्या सहलीत पाहिलेलं. पहिल्याच दिवशी मी पानावरचं एक तुडतुडा चिमटीत धरून चिरडला, सवयीनं. सर तीन सऱ्या ओलांडून आले. ओरडले नाहीत. म्हणाले की चार नंबरच्या वाफ्यातल्या तिसऱ्या झाडावर अकरा होते, आता दहा राहिले, तसं लिहा. आणि मी लिहीपर्यंत या पायावरून त्या पायावर करत तिथंच उभे राहिले. त्या दिवसापासून माझं नावही गेलं. ते मला 'मंगळवार पेठ' म्हणायला लागले. सगळ्यांना ते असंच हाक मारायचे, गावाच्या नाहीतर पेठेच्या नावानं. वारणानगरहून दूध संघाचे एक साहेब एकदा भेटायला आले, त्यांनाही सर सगळ्यांदेखत "या वारणानगर" म्हणाले. स्वतः मलकापूरकडचे, पण त्यांना मलकापूर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

एका जागी बसणं हा प्रकार त्यांच्या अंगातच नव्हता. ऑफिसात खुर्ची होती, तिच्यावर बियाण्याच्या पिशव्या असायच्या. जेवायचे चालत. एका हातात भाकरी, तिच्यावरच भाजी, आणि बांधावरून फेऱ्या. गळ्यात बुटाच्या नाडीनं बांधलेलं भिंग. सही हवी असेल तर आपणही त्यांच्याबरोबर चालायचं आणि पाण्याच्या टाकीशी वळताना रजिस्टर पुढं करायचं, कारण तिथं ते क्षणभर थांबायचे. मला आधी वैताग यायचा. मग तीच खोड मला लागली. अजूनही फोन आला की मी घरभर फिरते, आणि हे लिहितानासुद्धा आत्तापर्यंत दोनदा उठून आलेय.

आमचं काम सांगायला सोपं होतं. बटाट्याच्या चौदा जाती, प्रत्येकीला एक नंबर, प्रत्येकीचे छोटे छोटे वाफे, शेजारी शेजारी. पाणी तेच, खत तेच, माती तीच. औषध मात्र अजिबात मारायचं नाही. किडीला मोकळं रान द्यायचं आणि ती कुणाला खाते, कुणाला सोडते, ते मोजायचं. कारण सगळ्या जातींना कीड सारखी लागत नाही. एखाद्या जातीचं पान गुळगुळीत, तिच्यावर तुडतुडे जत्रेला आल्यासारखे जमतात. एखादीच्या पानावर चिकट लव असते, तिच्यात मावा पाय अडकून मरतो. काही जातींचे बटाटे मातीत वरवर धरतात. माती तडकली की पतंग त्या भेगेतून आत जाऊन अंडी घालतो, आणि बटाटा घरी येईस्तोवर अळीनं आतून पोखरलेला असतो. काही जाती खोल धरतात, तिथं पतंग पोचतच नाही. सर पान ओळखायचे गालावर घासून. डोळे मिटून, दाढीच्या खुंटांवरून पान फिरवायचे आणि नंबर सांगायचे. चुकले तर स्वतःवरच चिडायचे.

बांधाला लागून एका तात्यांचा ऊस होता. आमच्या पानांची झालेली चाळण रोज येता-जाता बघून त्या भल्या माणसाचा जीव तुटायचा. एवढे शिकलेले साहेब, सरकारी जमीन, आणि पिकाचे हे हाल. एका रविवारी शेतावर कुणी नाही असं बघून त्यांनी स्वतःचा पंप पाठीवर घेतला आणि आमच्या चार ओळींवर स्वतःचंच औषध मारलं. सोमवारी सकाळी बांधावर हसत उभे. म्हणाले, तुमाला वेळ मिळंना, म्हणून मीच मारली एक टाकी.

 सर गुडघ्यांवर बसले आणि मातीवर पडलेले मेलेले तुडतुडे एक एक करून कागदात गोळा करायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. त्या चार ओळींची दोन महिन्यांची मोजणी वाया गेली होती. पण तात्यांना ते एक अक्षर वेडंवाकडं बोलले नाहीत. उलट तासभर बांधावर येरझारा घालत समजावत राहिले, की औषध मारलं की औषध कसं आहे तेवढं कळतं, बटाटा कसा आहे ते कळायचं राहूनच जातं. तात्या मान डोलवत "व्हय की, व्हय की" म्हणत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंग आता दुसरी टाकी कवा मारू?"

त्या औषधातून वाचलेल्या वाफ्यांत नंबर सात होता, म्हणून सर त्या दिवशी जेवले तरी.

नंबर सात ही सरांची स्वतःची जात. तो बटाटा तुम्हाला कुठल्या बाजारात दिसणार नाही, आणि का दिसणार नाही तेच मला सांगायचं आहे. डोंगरातली एक रानटी जात, गोटीएवढे बटाटे धरणारी, पण कीड जिच्या वाऱ्याला उभी राहत नाही अशी. तिचा आणि आपल्या नेहमीच्या बटाट्याचा संकर करून, त्यातली रोपं निवडत निवडत सरांनी बारा वर्षं घालवली होती. शेवटी हाताला लागला तो सात. पान लवेचं, बटाटा खोल धरणारा, साल जाड, आकार मुठीएवढा. शेजारच्या वाफ्यात पानांची जाळी झालेली असायची आणि सात नंबर हिरवागार. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मी, शेतीतली अडाणी, पण माझ्याही अंगावर काटा आला. एकही थेंब औषध न मारता उभा राहिलेला बटाटा. हा शेतकऱ्याच्या हातात गेला तर किती पंप पाठीवरून उतरतील, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तीन हंगामांची नोंद पुरी झाली की जात समितीपुढं जायची आणि पसंत पडली तर शेतकऱ्यांना शिफारस व्हायची. तिसरा हंगाम फेब्रुवारीत संपणार होता, समिती मार्चमध्ये बसणार होती आणि सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या बारा वर्षांचं काय होणार ते त्या एका बैठकीत ठरणार होतं. रजिस्टरात किडीचे रकाने सतरा, उत्पन्नाचे पाच. सगळ्यात शेवटी, पानाच्या कडेला चेपून बसवलेला एक अरुंद रकाना होता: चव.

आता त्या चवीचं सांगते. काढणी झाली की शेतावरच्या शेडमध्ये चुलीवर पातेलं चढायचं. जातवार बटाटे उकडायचे, आणि सर ते स्वतः सोलायचे. गरम बटाटा या हातातून त्या हातात उडवत, बोटांवर फुंकर मारत, साल काढून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायचे. आम्ही सहाजणी. मी, आमच्या मजूर बायकांच्या म्होरक्या आक्का, आणि त्यांच्या चौघीजणी. आक्का घरनं कांदा-लसणाची चटणी आणायच्या, कारण कोल्हापुरात नुसता उकडलेला बटाटा कुणी खाऊ शकतं हेच त्यांना मान्य नव्हतं. बटाटा चटणीत बुडवायचा, तोंडात टाकायचा, नाकाडोळ्यांतून पाणी काढायचं. सर समोर उभे, टाचा वर-खाली करत, आमच्या तोंडाकडं बघत. "कसा हाय?" विचारायचे. सगळ्या म्हणायच्या, "एक नंबर." सर रजिस्टरात लिहायचे, 'उत्तम', आणि खाली सही. दुसऱ्या वर्षापासून दुसरी सही माझी असायची, आणि माझा शेराही.

पहिल्या वर्षी सात नंबर खाल्ला तेव्हा घशात काहीतरी चरचरलं. मला वाटलं चटणी. दुसऱ्या वर्षी चटणी कमी घेतली, तरी चरचरलं, आणि जिभेच्या मुळाशी एक कडवट चव रेंगाळत राहिली. मी वर बघितलं. सर पुढचा बटाटा सोलून हातात घेऊन उभे होते आणि बोटं भाजलेली होती. मी रकान्यात लिहिलं, 'बरी'. चांगली नाही, वाईट नाही, बरी. माझं कंत्राट दर एप्रिलला नवं व्हायचं आणि ते सरांच्या सहीनं व्हायचं, हेही खरं. पण मुख्य म्हणजे मला त्यांच्या तोंडावर सांगवलं नाही. त्यानंतर वर्षभर तो शब्द माझ्या मागं लागला. बसमध्ये आठवायचा, आंघोळ करताना आठवायचा. मी स्वतःला समजवायचे की चव काय, ज्याची त्याची.

तिसऱ्या हंगामाची काढणी झाली. तेव्हा कोठारातला एक ढीग सडला होता, अळीनं पोखरलेला, आणि वास असा की बायका तोंडाला पदर लावूनही आत पाय ठेवेनात. सर मात्र तासभर आत राहून भोकं मोजत होते, निवांत. माणूस कामात बुडाला की त्याला वास येत नाही, असं मी समजले. त्याच आठवड्यात त्यांनी शेडमधलं तीन दिवसांचं आंबलेलं ताक गटागट पिऊन टाकलं. आक्का म्हणाल्या, साहेब साधा माणूस, काय बी चालतंय.

मी सात नंबरचे चार बटाटे घरी नेले. चांगले, हिरवे न पडलेले, निवडून. आईचा शनिवारचा उपवास होता. तिनं ते उकडून नुसत्या मिठाबरोबर खाल्ले. मी समोरच बसले होते. पहिला घास तिनं गिळला, दुसरा हातावर काढला.

"हे कुठनं आणलंस गं? कडूजहर हाय."

संध्याकाळपर्यंत तिचा घसा जळत होता. ती साखर खात होती, पाणी पीत होती आणि मी घरातल्या घरात फिरत होते. मला पुस्तकातलं पान आठवलं. रानटी बटाट्यांत एक कडू विष असतं. कीड ज्या गोष्टींमुळं त्यांच्यापासून लांब राहते, त्यातली ती एक. म्हणजे सात नंबरला लव होती, साल होती, खोली होती, सगळं होतं, आणि शिवाय हेही आलं होतं. किडीला तो नको होता, कारण तो खाण्यासारखा नव्हता. समितीनं सरांच्या 'उत्तम'वर विश्वास ठेवला असता, तर हा बटाटा लोकांच्या ताटात गेला असता. त्यांच्या 'उत्तम'खाली माझं 'बरी' होतंच.

अहवाल शुक्रवारी जायचा होता. मी सोमवारी सरांना बांधावर गाठलं आणि त्यांच्याबरोबर चालत चालत सांगून टाकलं, की सात नंबर कडू आहे. ते थांबले नाहीत. हिरवा पडलेला असेल, म्हणाले. मी म्हटलं, नाही, मीच निवडून नेला होता. मग म्हणाले, आईंना उपवासाचं पित्त झालं असेल.

"सर, मलाही कडू लागतो. गेल्या वर्षीही लागला होता."

"गेल्या वर्षी तुम्ही 'बरी' लिहिलंय, मंगळवार पेठ."

 ते मला तिथंच सोडून बांधाच्या टोकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. चौथ्या फेरीला माझ्यापाशी आले तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"मला कोरोनापासून चव नाही. वासही नाही. घरी सांगितलं नाही, दवाखान्याच्या फेऱ्यांत हंगाम गेला असता. म्हटलं, येईल परत. मी तुमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघून लिहायचो."

आणि आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघून सांगत होतो. मला रडूही येईना आणि हसूही येईना.  सरांनी आक्कांना हाक मारली आणि पातेलं चढवायला सांगितलं. चटणीचा डबा स्वतः उचलून ऑफिसच्या कपाटात ठेवला. तीन ताटल्यांखाली पेन्सिलीनं नंबर टाकले, वरून काही कळू नये असे. मीठसुद्धा नाही. आणि त्या दिवशी त्यांनी बटाटे सोलले नाहीत. तुमचे तुम्ही सोला, म्हणाले, आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

बायका गोंधळल्या. साहेब पाठ करून उभे, चटणी नाही, हे काय चाललंय म्हणून एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. पहिल्या ताटलीतलं खाल्लं, ठीक. दुसरीतलं खाल्लं आणि पाचही जणींचे जबडे थांबले. मला ताटलीच्या खाली बघायची गरज नव्हती. तरी सवयीनं एकजण म्हणालीच, चांगला हाय की साहेब.

सर मागं न वळता म्हणाले, "आक्का, तुमी सांगा. तुमच्या नातवाला घालशीला का ह्यो बटाटा?"

 आक्कांनी तोंडातला घास पदरात काढला.

"न्हाई साहेब. कडू हाय. मागल्या साली बी कडूच हुता, आन् त्याच्या मागल्या साली बी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी हात भाजून घेऊन, सोलून, आमच्या हातावर ठिवत हुता. तवा कडू म्हणायला जीभ कशी रेटायची?"

सर वळले. त्यांनी ती ताटली उचलली, उरलेला बटाटा तोंडात घातला आणि चावत राहिले, सावकाश, अख्खा संपेपर्यंत. काहीतरी लागेल म्हणून वाट बघत असावेत. मग डोकं हलवलं. आक्का पदरानं डोळे पुसत होत्या आणि सर त्यांनाच म्हणत होते की असू दे, असू दे, तुमची काय चूक.

मी त्यांच्यामागनं ऑफिसात गेले. मला वाटलं आता ते म्हणतील, अजून एक हंगाम बघू. नाहीतर म्हणतील, शिजवायची पद्धत बदलून बघू. बारा वर्षं होती ती. आणि खरं सांगते, त्यांनी तसं म्हणावं अशी माझी मनातनं इच्छा होती, म्हणजे शुक्रवार टळला असता. समितीतलं कुणी बटाटा उकडून खात बसणार नव्हतं. सरांनी खुर्चीवरच्या पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. उभ्या उभ्याच टेबलावर वाकून अहवालाचं शेवटचं पान काढलं आणि लिहिलं: नंबर सात, किडीस प्रतिकार उत्तम, खाण्यास अयोग्य, शिफारस करू नये. अक्षर नेहमीसारखंच, तिरकं आणि घाईचं. मग पहिल्या दोन वर्षांचं रजिस्टर उघडलं. पहिल्या वर्षीचं 'उत्तम' एका रेघेनं खोडलं. दुसऱ्या वर्षीचं खोडलं. दोन्हीकडं बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'चाखणाऱ्यास चव येत नव्हती', आणि सही केली.

त्याच्या खालचं माझं 'बरी' तसंच होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि पेन त्याच्यावर ठेवलं.

मी म्हटलं, "सर, तुमचं खोडलंय तेवढं पुरे नाही का? एप्रिलमध्ये माझं कंत्राट आहे. विचारतील, माहीत असून लिहिलं नाही म्हणून."

"विचारतील की," सर म्हणाले.

एवढंच. रागावले नाहीत, समजावलं नाही, बाहेरही गेले नाहीत. मी पेन उचललं. 'बरी' खोडलं आणि वर लिहिलं, 'कडू'. एवढ्याशा शब्दाला किती वेळ लागावा. सही करून मी रजिस्टर मिटणार, तेवढ्यात त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"तारीख टाका," ते म्हणाले. "आजची."